वरंध्यात नऊ ठिकाणी उतरायचं

भित्र्या माणसाला हसायला लोकांना लई आवडतं. मला तर आमचं सगळं खुटबाव गाव हसलं. पण मी म्हणते, ज्या बाईनं जन्मात कॅनॉलच्या भरावापेक्षा उंच काही बघितलं नाही, तिला सात महिन्यांच्या लेकीसकट कोंबड्यांच्या टेम्पोत बसवा, वरंधा घाट उतरवा, आन् मंग हसा. आमच्या दौंड तालुक्यात उंच म्हंजी रेल्वेवरचा पूल. त्याच्यावरनं खाली बघितलं तरी माझ्या पायाला मुंग्या यायच्या.

तरी ही गोष्ट माझी नाही. माझ्या सासूची, कुशाबाईंची आहे. मी त्यांना आत्या म्हणायची.

आम्ही धनगर. कॅनॉलचं पाणी आलं तसा आमच्यातल्या बहुतेकांनी ऊस लावला आन् मेंढरं कमी केली, पण माझे सासरे ज्योतिबा काही ऐकंनात. दरसाल दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणात उतरायचे आन् पावसाच्या आत वर यायचे. पुरुष मेंढरं चारत आडवाटेनं जाणार आन् बाया घोड्यावर सगळं बिऱ्हाड लादून पुढं. भांडी, पीठ, अंथरुणं, कोंबड्या, कोकरं, तान्ही पोरं, सगळं त्या घोड्यावर. त्यामुळं वाट ठरवायची ती बाईनं. आत्यांनी तीस वर्षं ते केलं होतं. आन् ओझं बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची एक गाठ होती, ओझं जेवढे हिसके देईल तेवढी आवळत जाणारी. गावात उसाची गाडी भरली की शेजारचे सोपानराव मुद्दाम निरोप धाडायचे, "कुशाबाईला म्हणावं, तेवढी गाठ मारून जा. तिची गाठ सुटत न्हाई." असं कुणी कौतुक केलं की आत्या तोंड फिरवून घरात निघून जायच्या. मला वाटायचं, काय ही मिजास.

माझा नवरा शिक्रापूरच्या एका कारखान्याचा माल टेम्पोतनं पोचवायचा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आमच्या ह्यांचं नावच माऊली, ते घेतलं तर कुणी काय बोलणार? ते काम सुटलं, तवा ह्यांनी एक जुना टेम्पो घरी आणला. दोन हजार तीन-चारचं साल असंल. आधी त्यातनं कोंबड्या जायच्या, तो वास अजून माझ्या नाकात आहे. केडगावात वेल्डिंग करून त्यावर पत्र्याचं छप्पर टाकलं, आत झोपायला फळ्या, कोपऱ्यात स्टोव्ह, मागं कोकरांना जाळी, पाण्याचा पिंप, आन् वर एक लोखंडी दांडी, माझ्या अंकिताच्या झोळीसाठी. आमची घोडी म्हातारी झाली होती, तवा बिऱ्हाड आता ह्या टेम्पोतनं जाणार होतं. ज्योतिबाचं घर डिझेलवर पळतंय, असं सोपानराव पारावर सांगत सुटले.

सासरे आन् चुलते मेंढरं घेऊन आधीच निघाले. गुरुवारी घाटाखाली बिरवाडीला भेटायचं ठरलं होतं, कारण त्यांच्याजवळचं पीठ तेवढ्यापुरतंच होतं.

आम्ही निघायच्या आदल्या सकाळी आत्यांनी अंगणात रस्ता मांडला. चुलीतल्या राखेची लांब रेघ ओढली. हे यवत, हा भुलेश्वराचा घाट, हे सासवड, हे कापूरहोळ, भोर, हिरडोशी. पाणी असंल तिथं ज्वारीचा दाणा, मुक्काम असंल तिथं पांढरा खडा. मंग वरंधा आला तशी त्यांची बोटं हळू झाली. राखेची वळणं काढून त्यांनी त्यावर एकेक चिंचोका ठेवला. आठ चिंचोके झाले. पाच झाल्यावर मधी एक काळा खडा ठेवला.

"हे काय, आये?" ह्यांनी विचारलं.

"हितं उतरायचं. चालवनाऱ्यानं गाडी न्यायची, बाकीच्यांनी पायी."

"मोटार घेतली ती चालायला व्हय?"

"उतार मोटारीला कळत न्हाई. पायाला कळतो."

"आन् हा काळा खडा?"

"तिथं समद्यांनी उतरायचं. तू बी."

"मंग गाडी काय बिरोबा चालवनार?"

मी फिसकन हसले. आत्या हसल्या नाहीत. राखेकडं बघतच म्हणाल्या, "दार तरी उघडं ठेव. उडी टाकता आली पायजे."

माझं हसू तिथंच जिरलं. ज्या रस्त्याला ड्रायव्हरनं उडीची तयारी ठेवायची, त्या रस्त्यानं माझी लेक कशाला न्यायची? मी म्हणलं, मी माहेरी जाते. तर हे म्हणाले, "आन् तितक्या माणसांच्या भाकरी आयेनं एकटीनं थापायच्या?" झालं, संपलं माझं बोलणं. आत्यांनी आणखी एक अट घातली. भोरला पोचल्यावर पश्चिमेच्या डोंगरावर ढग दिसला तर दोन दिवस हलायचं नाही. ह्यांनी मान हलवली. हे मान लई लवकर हलवतात.

बुधवारी निघालो. सामान आत्यांनीच बांधलं. पिंप, ट्रंक, पिठाची पोती, स्टोव्ह, सगळ्याला त्यांची ती गाठ. खड्ड्यात टेम्पो आदळायचा, माझे दात वाजायचे, पण एक भांडं जागचं हललं नाही. भुलेश्वराचा घाट वरंध्यापुढं काहीच नाही म्हणतात, पण मी तिथंही डोळे मिटून बसले. अंकिता झोळीत झोपली होती. डोळे उघडते तर आत्यांनी झोळी सोडून ती मांडीवर घेतलेली.

"झोपली होती की, आत्या."

"मांडीवर बी झोपंल."

सासवडला मी परत झोळी बांधली. पुढं उतार लागला की त्यांनी परत सोडली. मी बांधायची, त्यांनी सोडायची, असं भोरपर्यंत चाललं. सगळ्या जगाची भांडीकुंडी बांधून ठेवणारी ही बाई, हिच्या डोळ्यात माझ्या लेकीची झोळीच तेवढी खुपते, असं वाटून माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली. मला भीती वाटली की राग येतो. लहानपणापासनं तसंच आहे.

गुरुवारी सकाळी भोरला आभाळ निळं होतं. नुसता पश्चिमेला डोंगराच्या डोक्यावर एक पांढरा पट्टा. चहाच्या टपरीवर रेडिओ लागला होता, समुद्रात वादळ झालंय, पाऊस येईल असं काहीतरी सांगत होता. आत्या कितीतरी वेळ त्या पट्ट्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"थांबायचं," त्या म्हणाल्या.

"आये, तो ढग हाय का धूर हाय ते बी कळंना. तिकडं आबांचं पीठ आज संपतंय. थांबलो तर त्यांनी दोन दिस काय मेंढरांचा पाला खायाचा?"

तिथं आत्या टेम्पोत जाऊन बसल्या. सासरे उपाशी बसतील हे त्यांना बघवलं नसतं. मी बोलायला पाहिजे होतं. पण मी अंकिताला घेऊन मागं चढले. निघालो.

हिरडोशीच्या पुढं धरणाचं पाणी खाली दिसायला लागलं आन् मी पदर डोक्यावरनं पार नाकापर्यंत ओढून घेतला. दिसलंच नाही तर भीती नाही, असा माझा हिशेब. तो काही खरा ठरला नाही, कारण टेम्पो वळला की पोटाला कळतंच. आत्या पुढं ह्यांच्या शेजारी बसून वळणं सांगत होत्या. आता उजवीकडं, आता झरा येईल, आता जांभूळ येईल. आन् खरंच यायचं. पहिल्या तीन चिंचोक्यांना आम्ही कोरड्या रस्त्यानं उतरलो, चाललो, परत बसलो. आत्या मागच्या चाकाच्या बाजूनं हातात धोंडा घेऊन चालायच्या. गाडी घसरली तर चाकापुढं टाकायला.

वाघजाईच्या देवळापाशी पोचलो तवा अकरा वाजले असतील. तिथं बानूबाई म्हणून एक बाई भजी विकायची, ती भर दिवसा दुकान आवरत होती. आन् तेवढ्यात ढग आला. मी समजत होते ढग वरनं येतो. तो खालनं आला, दरीतनं, चुलीचा धूर घरात कोंडावा तसा, आन् बघता बघता देऊळ दिसंना. मंग पाऊस. वरच्या कड्यावरनं नारळाएवढा एक दगड रस्त्यावर येऊन आदळला आन् गडगडत दरीत गेला. त्याचा खाली पडल्याचा आवाज काही आलाच नाही.

"हितं थांबू नगा," बानूबाई म्हणाली. "दगडं सुटायला लागली की थांबत न्हाईत. खाली उतरून जावा."

"माघारी फिरता यील का?" मी विचारलं.

"ह्या ढगात गाडी वळवनार? कुठं?"

ह्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, ते मला दिसलं. सारखे ओठ चाटत होते. आपला माणूस घाबरला आहे हे बायकोला कळलं की तिच्या भीतीला मंग धरबंध राहत नाही. मी अंकिताला एवढी घट्ट धरली की ती रडायला लागली.

चौथ्या चिंचोक्याला उतरलो. पाचव्याला उतरलो. पाऊस आडवा लागत होता. पदराखाली धरली तरी पोरगी भिजली आन् शिंकली. परत टेम्पोत मागं चढून बसले तवा तिचे हात गार पडलेले. मी तिला कोरडी केली, दुपट्यात गुंडाळली आन् झोळीत घातली. आता म्हणलं काही झालं तरी मी उतरणार नाही. हिला थंडी बाधली तर इथं डॉक्टर कुठला? आन् झोळी सोडून घ्यायला आत्या येणारच, हे माहीत होतं. म्हणून मी दांडीला त्यांचीच गाठ मारली. तीन वर्षं त्यांना ओझी बांधताना बघत होते मी, ती गाठ कवाच शिकले होते, फक्त बोलले नव्हते. हिसका देऊन आवळली आन् मनात म्हणलं, आता सोडा.

टेम्पो थांबला. काळा खडा आला होता. आत्या मागच्या दाराशी आल्या.

"धना, उतर. पोरीला घे."

"मी नाही उतरत. भिजून मरंल ती."

"उतर म्हंते ना."

"तुम्ही चाला हवं तेवढं. मला न् माझ्या लेकीला इथंच राहू द्या."

त्या वर चढल्या.  झोळीकडं गेल्या, दांडीवर हात टाकला, आन् त्यांचा हात गाठीवर तसाच थांबला.

"ही कुणी मारली?"

"मी."

आत्यांच्या तोंडावरचा सगळा रंग उडाला.    गाठ सोडायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. पाला तोडायचा कोयता जाळीला खोचलेला होता, तो ओढला आन् झोळीच खसकन कापली. माझ्या माहेरची हिरवी साडी. अंकिताला छातीशी धरून त्या रस्त्यावर उतरल्यासुद्धा. कोयता हातात आन् माझी लेक त्यांच्याकडं, मी काय बसून राहणार? शिव्या घालतच मागनं उडी मारली.

खाली आल्यावर त्यांनी पोरगी माझ्या हातात दिली. "डोंगराच्या अंगाला ऱ्हा. अजाबात सरकू नको." मंग धोंडा उचलला आन् चाकाजवळ गेल्या. "माऊली, दार उघडं हाय ना?"

"हाय," ढगातनं ह्यांचा आवाज आला.

टेम्पो हलला. मला फक्त मागचा लाल दिवा दिसत होता आन् पहिल्या गियरचं गुरगुरणं ऐकू येत होतं. मी कड्याला पाठ लावून उभी होते. वरनं दगड येईल म्हणून वर बघावं तर गाडी दिसायची बंद होईल, आन् गाडीकडं बघावं तर वरचं कळणार नाही. मी अंकिताचं डोकं माझ्या हनुवटीखाली घेतलं आन् बिरोबाला म्हणलं, दगड आला तर आधी मला लागू दे.

मंग खडी सरकल्याचा आवाज आला. इंजिन एकदम ओरडलं. लाल दिवा एका बाजूला कलला, खाली, आणखी खाली, आन् विझला. कोकरं केकाटायला लागली.  माझा नवरा गेला, मी विधवा झाले, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दहा आकडे मोजण्याइतकाच गेला असंल.

"उतर आता," ढगात आत्या म्हणत होत्या. ओरडत नव्हत्या. लहान पोराला झाडावरनं खाली बोलवावं तशा म्हणत होत्या. "हळू उतर. गाडी धरलीय धोंड्यानं. माझ्याकडं ये."

हे आले ते चार पावलं टाकून रस्त्यातच बसले. मी जवळ गेले तर माझा पाय धरून ठेवला त्यांनी, सोडंनातच.

टेम्पोचं दरीकडचं मागचं चाक रस्त्याच्या कडेची माती घेऊन खाली गेलं होतं. कठड्याचा एक दगड आन् आत्यांचा धोंडा, एवढ्यावर तो टेकून होता. आत्यांनी मागनं वाकून जाळी उघडली, कोकरं एकेक करून बाहेर उड्या मारत आली. जाळीलाही त्यांनी गाठ मारली नव्हती, नुसती कडी अडकवली होती. ते मला तवा दिसलं.

खालनं एक ट्रक येत होता. ट्रकवाल्यांनी साखळी लावून टेम्पो वर ओढायचं कबूल केलं, पण ढग पातळ झाल्यावर. तोवर आम्ही कड्याच्या पोकळीत एका घोंगडीखाली बसलो. टेम्पो तिरका उभा होता आन् उघड्या दारातनं आतलं दिसत होतं. पिंप जागच्या जागी. ट्रंक जागच्या जागी. पिठाचं एक पोतं हललं नव्हतं. दांडीला माझ्या साडीचा अर्धा तुकडा लोंबत होता, गाठ होती तशीच.

भीती लपवायला मला भांडण हवं होतं. मी म्हणलं, "बघा, काही पडलं नाही. पोरगी झोळीत असती तरी तिला काय झालं नसतं. साडी फाडली माझी उगाच."

 आत्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "तुझी गाडी पडली न्हाई. माझी घोडी पडली व्हती."

हे खाली बघत बसले. ह्यांना ठाऊक होतं की आधीची एक बहीण घाटात गेली. त्यापुढं घरात कुणी बोलत नसे.

"हितंच," आत्या म्हणाल्या. "हिरा. पाच महिन्यांची व्हती. बिऱ्हाडावर बसवून बांधली व्हती, मीच. असाच ढग व्हता. घोडीचा पाय गेला." घोंगडीचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "बाकीच्या बायांची ओझी ढिली असायची. घोडं पडलं की वरचं पयलं रस्त्यावर सांडायचं. भांडी सांडायची, पोरं सांडायची. खरचटायचं, रडायची, उचलून घ्यायाची. माझं कवा सांडलं न्हाई. खाली उतरून बघितलं तवा भांडं न् भांडं जाग्यावर व्हतं. ती बी जाग्यावर व्हती. गाठ सुटली न्हाई, धना."

मला सोपानराव आठवले. तिची गाठ सुटत न्हाई. तीस-बत्तीस वर्षं सगळं गाव त्यांच्या तोंडावर हेच म्हणत आलं होतं, कौतुकानं. आन् मी ती मिजास समजत होते. माझ्या जिभेची मला एवढी लाज वाटली की मी अंकिताला त्यांच्या मांडीवर ठेवलं आन् तोंड घोंगडीत खुपसून रडले. त्या माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या, जसं काही पोरगी माझीच गेली होती.

दुपारी टेम्पो वर निघाला. राहिलेल्या तिन्ही चिंचोक्यांना आम्ही उतरलो, कुणीही काही न विचारता. उन्हं कलायच्या आत बिरवाडीला पोचलो. सासरे रस्त्यावर येऊन वाट बघत उभे होते, पीठ सकाळीच संपलं होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं. मी साडीचा राहिलेला तुकडा घेतला, दांडीवरचा कापून टाकला, आन् त्या तुकड्याची झोळी केली. शाळेत वेणीला रिबीन बांधायचो आम्ही, दोन पाकळ्यांचं फूल करून, तशी गाठ मारली. आत्यांना हाक मारून म्हणलं, "हे टोक ओढा."

त्यांनी एका बोटानं ओढलं. झोळी सगळी त्यांच्या हातात आली. त्यांनी ते कापड उलटंपालटं करून बघितलं.

"परत बांध."

मी बांधली. त्यांनी ओढली. सुटली.

"परत."

असं सात-आठ वेळा झालं. मंग त्यांनी स्वतः बांधून बघितली. ज्या बाईच्या बोटांना आयुष्यभर आवळायची सवय, त्यांना ते ढिलं फूल काही केल्या जमंना. जमलं तवा त्यांनी अंकिताला आपल्या हातानं झोळीत ठेवली, पहिल्यांदाच. पोरगी झोपली. आत्या खाली फळीवर बसल्या, गाठीचं लोंबतं टोक त्यांनी मुठीत धरलं, आन् भाकरीला या म्हणून मी दोनदा हाक मारली तरी त्या ते सोडून उठल्या नाहीत.